कोणाच्या घरून

सामोआ बेटांवरच्या आपिया शहरातल्या चर्चमध्ये कोणी काय दिलं, ते रविवारी नाव घेऊन सगळ्यांसमोर वाचायची रीत आहे. चर्चच्या वेबसाइटवर जुन्या भजनांची रेकॉर्डिंग जमा होऊ लागली, तेव्हा तीही यादी वाचली जाऊ लागली. कोणी, केव्हा, कोणती फाइल चढवली, याची आपोआप नोंद करणारी यंत्रणा सेलुइयाने बनवली होती. आणि दर रविवारी पहिलं नाव यायचं लागिमाइनाचं. सेलुइयाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"चाळीस भजनं म्हणे. त्या बयेला धड सूर लावता येत नाही," ती घरी येऊन धुसफुसली. आई तारोच्या कंदांची सालं काढत राहिली.

बाईची लबाडी उघडी पाडायचीच, म्हणून सोमवारी सेलुइयाने नोंदीत एक रकाना वाढवला: फाइल कोणाच्या घरच्या वायफायवरून आली. शुक्रवारपर्यंत लागिमाइनाच्या नावावर सहा फायली आल्या. सहाच्या सहा सेलुइयाच्याच घरून.

"आई, ती इथे येते?"

"दर गुरुवारी, तू ऑफिसात असतेस तेव्हा. मी गाते, ती फोनवर रेकॉर्ड करत ऐकत बसते. मीच तिला म्हटलं, तुझ्या नावावर चढव."

"मला का नाही सांगितलंस? मी नसतं का रेकॉर्ड केलं?"

"पहिल्यांदा तुलाच विचारलं होतं, बाळा. तू म्हणालीस, वेळ नाही, नोंदींची यंत्रणा बनवतेय."