नानाकाकांच्या नकाशातला कोरा कोपरा

काकूचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होते. एकदा कापला, दुसऱ्यांदा घेतला. "मीने, नाना गेले गं... लिहिता लिहिता." माझ्या तोंडून निघालं, "लेख झाला होता का पुरा?" माणूस गेल्यावर विचारायचा प्रश्न का हा! पण तो का निघाला, ते माझं मला ठाऊक होतं.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रं जुळवायचे. ती शिकायला कंपनीने त्यांना तरुणपणी दोन वर्षं स्लोव्हाक लोकांच्या ब्रातिस्लावा शहरात धाडलं होतं. पुढे बाजार खुला झाला, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. नानांकडे स्लोव्हाक भाषा तेवढी उरली. मग ते तिथल्या कादंबऱ्या मराठीत आणू लागले. कोण वाचणार, असं विचारलं की म्हणायचे, "तू नाहीस, एवढं नक्की."

पद्धतही अजब. कादंबरीतला माणूस स्टेशनापासून नदीपर्यंत अर्धा तास चालला, की नानाही पुण्यात अर्धा तास चालून येत. त्याशिवाय पान पुढे सरकत नसे. त्या चालण्यातूनच शेवटचा लेख निघाला होता, स्लोव्हाक साहित्यातल्या शहरांवर. "तिथे शहर कुणा एकाचं नसतंच," ते सांगत. "एकाच गावाला जर्मन, हंगेरियन, स्लोव्हाक अशी तीन नावं. आणि राहणारा जो तो खेड्यातून आलेला. रविवारी घरून बटाट्यांची पिशवी घेऊन परतणारा, शहराला मनातून घाबरणारा."

"म्हणजे आपलं हडपसर की!"

"वा! आयटीत जाऊनही थोडी अक्कल शिल्लक आहे."

अडलं होतं शेवटच्या भागाशी. ब्रातिस्लावात डॅन्यूब नदीपलीकडचं गाव पाडून तिथे एकसारख्या इमारती उठल्या. एका कादंबरीत एक म्हातारी त्या इमारतींची दारं मोजत आपल्या परसातलं सफरचंदाचं झाड कुठे होतं ते शोधते. तेवढं चालायला नानांना तशाच इमारती उठलेली हिंजवडी हवी होती. "एक शनिवार दे, मीने. तू रोज जातेस, आधी कुठे काय होतं ते दाखव." बावीस वर्षं मी जाते खरी, पण कंपनीच्या बसमध्ये झोपून. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून कधी रिलीज, कधी पाहुणे, कधी माझा गुडघा... नाना एवढंच म्हणत, "म्हातारी थांबलीय गं."

तेरावं झाल्यावर काकूने त्यांची फाईल दिली. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढलेलं ब्रातिस्लावा. स्टेशन, बाजार, पूल. प्रत्येकाशेजारी पुण्यातली जागा आणि चालायला लागलेली मिनिटं. नदीपलीकडचा कोपरा कोरा. तिथे बारीक अक्षरात: 'मीनाला माहीत आहे.'

गेल्या शनिवारी हिंजवडीत बसथांब्यावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, इथे आधी काय होतं? "आमचं वावर हुतं की. अन् त्या गेटापाशी चिंच." हात केला ते गेट माझ्याच ऑफिसचं होतं.

घरी येऊन कोऱ्या कोपऱ्यात पेन्सिलने एक झाड काढलं. शेजारी मिनिटं लिहिलेली नाहीत. तिथवर चालायला नानांना किती लागली असती, ते मला माहीत नाही.