छातीवरचं आडनाव

ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आमच्या शेजारी एक म्हातारा राहतो. त्याचं आडनाव जर्मन, आणि इतकं दुर्मिळ की या देशात ते लावणारे सगळे एकाच कुळातले. मागच्या हिवाळ्यात त्याने त्या सगळ्यांना एका हॉलमध्ये जमवलं, वर आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावलं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलेला पुण्याचा डॉक्टरही आला होता. मी काम करतो त्याच हॉस्पिटलमधला.

या डॉक्टरने पहिल्याच भेटीत मला आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही...?" आपल्या लोकांना हे कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. माझ्या वडिलांनी जुनं आडनाव गॅझेटमधून बदलून गावाच्या नावापुढे 'कर' लावला होता. डॉक्टरने त्यावरून भलतीच जात ठरवली आणि मी गप्प बसलो. अजूनही गप्पच होतो.

हॉलच्या दारात नाव लिहून छातीला चिकटवायचे स्टिकर ठेवले होते. मी नुसतं पहिलं नाव लिहिलं. इथे तेवढ्यावर भागतं, या देशातलं मला हेच आधी आवडलं.

म्हाताऱ्याने माइक घेतला. "आपलं आडनाव म्हणजे मेलेली गुरं ओढून नेणारा, त्यांची कातडी सोलणारा," तो म्हणाला. "आपल्या पूर्वजांना चर्चमध्ये वेगळा बाक होता, गुत्त्यात वेगळा पेला. तिकडे राहिलेल्यांनी लाजेने नाव बदललं. एक भाऊ मात्र तेच नाव घेऊन जहाजात बसला. आपण सगळे त्याचे!" मागे भिंतीवर क्वीन्सलँडचा नकाशा होता, त्या भावाच्या पोरानातवंडांच्या शेतांवर ठिपके काढलेले. टाळ्यांनी हॉल दणाणला.

माझे आजोबाही मेलेली गुरं ओढायचे. त्यांना तर पेलाही नव्हता, वरून ओतलेलं पाणी ते ओंजळीत प्यायचे.

"बाबा, दॅट्स अस!" शेजारी बसलेली माझी मुलगी ओरडली. ती युनिव्हर्सिटीत शिकते, सगळं इंग्रजीतच बोलते. माझी आई तिला फोनवर घराण्याचं, जुन्या आडनावाचं काय काय सांगत असते, हे मला माहीत होतं.

"हळू बोल," मी म्हणालो.

ती उठून दाराकडे गेली आणि उघड्या जॅकेटच्या आत, शर्टावर नवा स्टिकर लावून आली. त्यावर आमचं जुनं आडनाव होतं, ठळक अक्षरांत. नेमका तेव्हाच डॉक्टर केकची बशी घेऊन आमच्याकडे यायला निघाला. मी झटकन पुढे झालो आणि तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"गार आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिने चेन सावकाश खाली ओढली.

"मला थंडी नाही वाजत, बाबा," ती म्हणाली. मराठीत.