परत मागितलेलं वाण

"आजपुरतं ठीक," असं म्हणत ताई डावी बाही वर सारायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने काढलेले चौकोन, प्रत्येकात वेगळं क्रीम, शेजारी तारीख. पाहुण्यांना तुम्हीआम्ही अल्बम दाखवतो, ताई हात दाखवायच्या.

बडोद्याबाहेर, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका क्रीम-पावडरीच्या कारखान्यात त्या केमिस्ट होत्या, मी खरेदी खात्यात. राहायला दोघेही कारेलीबागेत, एकाच सोसायटीत. बाजार खुला झाल्यावर आमच्या पत्र्याच्या शेडला पुढून काच बसली. मागे पत्राच राहिला. शेठ 'आंतरराष्ट्रीय दर्जा'वर भाषण देऊ लागले की ताई आपल्या हातावरच्या तारखा वाचत बसायच्या.

एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून आमच्याच क्रीमच्या डब्या दिल्या. दरवर्षीच्या प्लास्टिकच्या चाळण्यांना कंटाळलेल्या बायका खूश झाल्या. माझ्या बायकोला सातवा महिना होता. ती आंघोळ झाली की ते क्रीम पोटाला चोळू लागली.

महिनाभरात परदेशातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. क्रीम टिकावं म्हणून घालतात त्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल तिकडे शंका निघाली होती. ते कातडीतून आत जातं का, पोटातल्या मुलापर्यंत पोचतं का, हे नव्याने तपासणार होते. आमची जुनी फाइल मागवली होती. फाइलवर सही ताईंची.

ताईंनी पत्र तीनदा वाचलं. "कातडी लाल होते का, एवढंच मी बघत आले," त्या म्हणाल्या. "आत काय जातं ते हात सांगत नाही."

त्या तडक शेठकडे गेल्या आणि माल थांबवा म्हणाल्या.

"बेन, हजी तो खाली पूछ्युं छे," शेठ म्हणाले. "ना क्यां पाडी छे?" म्हणजे नुसतं विचारलंय, नको कुठं म्हटलंय.

"हा तो में ज पाडी'ती ने, शेठ." फाइलवरचा होकार ताईंचाच होता.

माल थांबला नाही. मग ताई पिशवी घेऊन सोसायटीत दारोदार फिरल्या. दिलेलं वाण परत मागणारी बाई बडोद्यात त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

"अगं, सवाष्णीचं वाण परत नेतेस?" तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"बदल्यात चाळणी देते, वहिनी."

"चाळण्या पाच आहेत माझ्याकडे. आणि डबी संपली." वहिनींचे गाल चकाकत होते.

आमच्या घरी बायकोने डबी आणून दिली. तळाला बोटभर क्रीम उरलं होतं.

"कुठं लावलंस?" ताईंनी विचारलं.

बायकोने पोटावर हात ठेवला. ताई चपलांच्या कपाटावरच बसल्या.

"काही होणार नाही ना, ताई?"

"मला माहीत नाही गं."

 उरलेले दोन महिने पोटातलं मूल तासभर हललं नाही की बायको पंखा बंद करून, पोटावर हात ठेवून बसायची.

मुलगी झाली, धडधाकट. तिकडून निकाल आला: थोड्या प्रमाणात चालेल. काही वर्षांनी पुन्हा पत्र: प्रमाण आणखी कमी करा, तपास चालू आहे. तोवर ताईंनी नोकरी सोडली होती. पण मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या यायच्या. केकला हात लावायच्या नाहीत. मुलीची नखं बघायच्या, उंची विचारायच्या, तिला उगाच दारापर्यंत चालायला लावायच्या. न्हाण आलं त्या वर्षी बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा लवकर नाही ना गं आलं?"

गेल्या पावसाळ्यात ताई गेल्या. यंदाच्या वाढदिवसाला मुलगी केक कापत होती, माझी नजर तिच्या नखांवर.

"बाबा, काय बघताय?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि बघत राहिलो.