वाकड्या बोटाचा वाघ

जंगलात वाघ कमी भेटतो, किस्से जास्त. पारशिवनीच्या पुढच्या रानात मी सहा आठवडे वाघांच्या मोजणीवर होतो. वाघ दिसला एकदा, तोही शेपटीकडून. किस्से मात्र पँटीला कुसळं चिकटावी तसे चिकटले, अजून निघत नाहीत.

मोजणी म्हणजे नाल्याच्या वाळूत पंजाचा ठसा शोधायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलायचं. प्लास्टरची गोणी माझ्या डोक्यावर. ठसे शोधणारे मडावीकाका, गोंड, त्याच रानात जन्मलेले. आणि साहेब कोण, तर आमच्याच कॉलेजचे प्राणिशास्त्राचे प्रोफेसर, ज्यांच्यामुळे मी बी.एस्सी. सोडली. वीस वर्षं रोजंदारीवर राबलेल्या काकांना वनखात्यात कायमचा वॉचर करायचं की नाही, हे यांच्या सहीवर. वाघ पुस्तकात पाहिलेला माणूस काकांची परीक्षा घेणार!

*

पहिलाच दिवस. काका ओल्या वाळूवर वाकले. "वाघीण. आत्ताच गेली."

"आत्ताच कशावरून?"

"ठशात पाणी अजून झिरपतेच, साहेब."

प्रोफेसरांनी वहीत 'पाणी' असं लिहिलं, गुडघे टेकले आणि टेप काढली. माप घेऊन मान वर केली, तर आम्ही दोघं झाडावर. आम्ही का चढलो, हे विचारायलाही ते थांबले नाहीत. पन्नाशीचा माणूस इतक्या झपाट्यानं चढतो, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

*

एका नाल्यावर प्रोफेसरांच्या वहीत तीन वाघ झाले. काका म्हणाले, "एकच हाय."

"मापं तीन आहेत, मडावी."

"पुढचा पाय मोठा राहते साहेब, मागचा लहान."

"आणि हा सगळ्यात मोठा?"

"तोबी पुढचाच. चिखलात पसरला."

प्रोफेसरांनी दोन वाघ खोडले. चेहरा असा, की घरचेच दोघं गेले.

*

रानात शिरताना वाघदेवाच्या दगडापाशी थांबायचं आणि आज कुठं चाललो ते मोठ्यानं सांगायचं, हा काकांचा रिवाज. प्रोफेसर म्हणायचे, "अंधश्रद्धा." एकदा ते न सांगता एकटेच गेले आणि दुपारपर्यंत एकाच टेकडीला फेऱ्या मारत राहिले. काकांनी शोधून आणलं.

"दगडाले सांगितलं असतं तं बरं झालं असतं, साहेब."

"दगड काय करणार होता?"

"काही नाही. मी त्याच्या मागंच बसलो होतो."

*

आता माझं पाप. कॉलेजात असताना मी कन्हान नदीच्या वाळूत मुठीनं तळवा दाबला, चार बोटांनी बोटं उमटवली, प्लास्टर ओतलं आणि तो ठसा प्रोफेसरांना नेऊन दिला. माझी करंगळी कबड्डीत मोडून वाकडी झालेली. ते दरवर्षी वर्गात सांगायचे, "पाहा, झुंजीत बोट दुखावलेला नर." ठसा काचेच्या कपाटात. तोंडी परीक्षेला त्यांनी तोच माझ्यापुढे ठेवला.

"सर, हा मी केलाय," मी खरं सांगितलं.

नापास.

*

शेवटच्या दिवशी काकांची परीक्षा. कागद जीपच्या बॉनेटवर तयार, सही बाकी. प्रोफेसरांनी बॅगेतून रुमालात गुंडाळलेला ठसा काढला. तोच. काका खोटं बोलत नाहीत, आणि या ठशाबद्दल खरं बोलणाऱ्याचं काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत?

"सांगा मडावी. काय दिसतं?"

काकांनी ठसा उन्हात धरला. बोटं चाचपली. मग प्रोफेसरांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मागे उभा राहून प्लास्टरची गोणी बांधत होतो. काकांची नजर माझ्या हातावर बराच वेळ राहिली.

"नर हाय साहेब. तरणा. एक बोट वाकडं. डोक्यात राग लई."

"वा! असेल का अजून जिवंत?"

"हाय ना. तुमच्या मागं उभा हाय."

प्रोफेसर जीपच्या टपावर होते. काकांनी खालून कागद वर धरला. सही तिथूनच झाली.