वासासाठी वाइन

आमच्या वाइन क्लबात चार जण होते आणि चौघांनाही वाइनमधले काही कळत नव्हते. क्लब निघाला तो एकाच्या नाकासाठी. हा मित्र भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. साथीच्या तापात त्याला वास येईनासा झाला आणि ताप उतरला तरी येईना. प्रयोगशाळेत कुठला वायू सुटला आहे, हे तो मुलांना विचारू लागला. मुले सांगत, तो मान डोलवी. पुढच्या वर्षी प्रात्यक्षिके दुसऱ्याकडे द्यावीत, असे कॉलेजात बोलले जात होते. त्याला ती सोडायची नव्हती.

डॉक्टरांनी निरनिराळे वास रोज घेत राहायला सांगितले होते. लवंग, लिंबू, निलगिरीचे तेल हुंगून तो कंटाळला. वाइनच्या एका घोटात अनेक वास असतात, असे आमच्यातल्या एकाने कुठेतरी वाचले होते. हा पूर्णा गावातल्या गोदामात सुपरवायझर. तेवढ्या आधारावर क्लब सुरू झाला.

महिन्यातून एका रविवारी, उन्हे कलल्यावर, बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राच्या गच्चीवर बसायचे. खाली त्याची आई असायची. तिला कळू द्यायचे नव्हते. नाशिककडची लाल वाइन मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत असे. पत्र्याच्या शेडखाली चटई अंथरलेली. लांबून कापडाच्या लूमची खटखट येत राहायची, इतकी एकसारखी की थोड्या वेळाने ती ऐकूच येत नसे आणि सगळी दुपार पाण्याखाली गेल्यासारखी वाटे. बोलणेही पलीकडच्या काठावरून आल्यासारखे. रसायनवाला डोळे मिटून स्टीलचा पेला नाकाशी धरी. आम्ही दुसरीकडे बघत असू. मग तो डोळे उघडून फरसाणाची पुडी जवळ ओढी. त्यावरून समजायचे, वास आला नाही.

स्टीलच्या पेल्यात वास राहत नाही, असे गोदामवाल्याचे मत पडले. कल्याणहून काचेचे चार पेले आणले. लगेच श्रावण लागला. आमच्या चारही घरांत श्रावण पाळतात. त्यामागून गणपती आले. क्लब बंद राहिला. पेले बँकवाल्याने आत कुठेतरी ठेवून दिले.

विसर्जनानंतरच्या रविवारी पुन्हा जमलो. बँकवाल्याने पेले सदऱ्याच्या टोकाने पुसले. धुवायचे तर ते आईसमोरून स्वयंपाकघरात न्यावे लागले असते. वाइन ओतली तेव्हा कलते ऊन पेल्यांतून जाऊन चटईवर चार तांबडे डाग पडले आणि पेले हलले की तेही सावकाश हलत राहिले. गोदामवाल्याला जांभळाचा वास आला. बँकवाल्याला दालचिनीचा. मी ओले लाकूड म्हणालो. तिन्ही शब्द बाटलीच्या लेबलवर छापलेले होते.

रसायनवाल्याने पेला नाकाशी नेला, दूर धरला, पुन्हा नेला.

"डांबरगोळ्या," तो म्हणाला.

"मास्तर, नको तर नको पिऊ. नावं कशाला ठेवतोस?" गोदामवाला म्हणाला.

"नावं नाही ठेवत. मला डांबरगोळ्यांचा वास येतोय."

आम्ही आपापले पेले पुन्हा हुंगले. वास डांबरगोळ्यांचाच होता. तो पहिल्यांदाही आम्हाला आला होता. काचेतून प्यायच्या वाइनला असाच वास असेल, असे समजून तिघांनीही तो सांगितला नव्हता. बँकवाल्याने मग सांगितले की पेले खालच्या दिवाणात, गोधड्यांच्या थरात होते.

मास्तर तोवर जिन्यात पोचला होता. आम्ही मागोमाग गेलो. त्याने दिवाणाची फळी उचलली, वाकला आणि गोधड्यांत तोंड खुपसले. तसाच राहिला. मित्राची आई दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधतोयस रे?"

"काही नाही, काकू. वास घेतोय."

"येणारच वास. माझ्या गोधड्यांत कोणीतरी काचेचे पेले आणून ठेवले, तेव्हाच नव्या गोळ्या टाकल्या मी. झुरळं फिरतात पेल्यांवरून."

बँकवाला भिंतीकडे बघू लागला. मास्तरने डोके वर काढले नाही. बऱ्याच वेळाने गोधड्यांतून त्याचा दबलेला आवाज आला.

"काकू, यात कापूरपण आहे का?"

"आहे की थोडा," ती म्हणाली. "पार तळाला, पलीकडच्या कोपऱ्यात."

तो आणखी आत वाकला.