गौरीच्या तोंडावर आलेला ताप

गौरी येणार त्याच्या आदल्या सकाळी मला ताप भरला. अंग ठणकत होतं, घसा धरला होता. एरवी असल्या तापाला मी भीक घालत नाही. पण माझं माहेर अंबरनाथला, आणि तिथे आईजवळ माझा धाकटा भाऊ असतो. गेल्या वर्षी त्याची किडनी बदलली. आईने स्वतःची दिली. तेव्हापासूनच्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, आणि ताप-खोकल्याचं माणूस त्याच्या आसपासही नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे. न जाणं हेच शहाणपणाचं होतं आणि ते मला कळतही होतं.

अडचण अशी की माहेरी आमच्या घरात गौर सवाष्ण माहेरवाशिणीनेच आणायची. पूर्वी आत्या आणायची, ती गेल्यावर मी. मुखवटे सुपात घेऊन तुळशीपासून घरात यायचं. भावाचं अजून लग्न व्हायचं आहे, शेजारणींना सांगावं तर त्यांच्याकडेही त्याच वेळी गौरी. म्हणजे मी नाही तर कुणीच नाही. वडील गेल्यापासून आई त्या दिवशी जरा मागेमागेच असते. सोळा भाज्या, पुरण, सगळं तिच्या हातचं, पण सुपाला ती हात लावत नाही. तिला कुणी नको म्हटलेलं नाही. पण तू कर, असंही आमच्यापैकी कुणी कधी म्हटलं नाही. मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, तब्येत सांभाळ, गौर आपलं बघून घेईल. भाऊ म्हणाला, ताई, मास्क लावून ये, पटकन आण आणि जा. दोघांचं ऐकून माझा घोर वाढलाच.

मग मी जे केलं ते आठवलं की आता हसू येतं. इथे सासरी, शिरगावच्या घरात देव्हाऱ्यापुढे हात जोडून म्हटलं, आई गौराई, तूच ठरव. ताप उतरला तर येते, नाही उतरला तर नाही. एवढं बोलून स्वयंपाकघरात गेले आणि तापाची गोळी घेतली. थोड्या वेळात घाम फुटला, थर्मामीटर नॉर्मल. कौल मिळाला म्हणून मी खूश. नवरा म्हणाला, हा गोळीने उतरलेला ताप आहे. देवाच्या कामात फाटे फोडू नकोस, असं त्याला सुनावून मी गौरींच्या साड्या घ्यायला उल्हासनगरला निघाले.

दुकानात साड्या निवडेपर्यंत गोळीचा अंमल ओसरला. थंडी वाजायला लागली, मी काउंटरला टेकून उभी राहिले. मास्क होता म्हणून बरं. शेजारी एक वयस्कर सिंधी बाई कापड बघत होत्या. त्यांनी दुकानदाराला पंखा बंद करायला लावला, माझ्यासाठी स्टूल ओढलं, पाणी मागवलं. म्हणाल्या, तुला तर बुखार आहे बेटा, घरी दुसरं कुणी नाही का खरेदीला? कुणी विचारायचा अवकाश, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. भाऊ, किडनी, आई, सूप, सगळं. त्यांनी धीराचे वगैरे शब्द वापरले नाहीत. हातातल्या कापडाची घडी घालत एवढंच म्हणाल्या, "जिने मुलाला किडनी दिली, तिच्या हाताने देवी घरात नाही येणार? मग कुणाच्या हाताने येणार?"

मला आधी रागच आला. आमच्या रीतीभातींतलं यांना काय ठाऊक, असं वाटलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांनी मला रिक्षात बसवलं, साड्यांची पिशवी मांडीवर ठेवली आणि रिक्षावाल्याला सांभाळून न्यायला सांगितलं. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

घरी येऊन पांघरुणात शिरले आणि आईला फोन लावला. म्हटलं, या वर्षी गौर तू आण. लोक काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "मी आणली, आणि पोराला काही झालं तर?"

त्या बाईंचे शब्द मी तिला जसेच्या तसे सांगितले. पुढे माझ्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. "आई, मीही घाबरले आहे," मी म्हटलं. "तू घाबरत घाबरतच आण."

दुसऱ्या दिवशी नवरा साड्यांची पिशवी माहेरच्या दाराला अडकवून परत आला. संध्याकाळी भावाने व्हिडिओ कॉल लावला. आई तुळशीपाशी उभी होती, सूप छातीशी घट्ट धरून. दारात आल्यावर आतून कुणीतरी विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलांनी आली. दर वर्षी ते आईच विचारते. या वेळी बसलेल्या आवाजात मी फोनवरून विचारलं. आई उंबऱ्यात थांबली. फोन धरलेल्या भावाकडे तिने एकदा पाहिलं. मग म्हणाली, "सोन्याच्या पावलांनी आली." भावाचा हात हलला असावा, मला पुढे नुसती फरशी आणि कुंकवाची पावलं दिसत राहिली. मी अंथरुणात बसून रडले.

ताप पुढे आठवडाभर होता. भाऊ बरा आहे. त्या बाई योगायोगाने भेटल्या असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच वाटतं की मी येऊ की नको, हे मी गौरीला विचारत बसले होते, आणि तिच्या मनात बोलावायचं होतं ते आईला. मी बाजूला व्हायला हवं होतं. आपण होऊन मी काही झाले नसते, म्हणून तिने मला अंथरुणात निजवलं. त्या तापाबद्दलही आता मी तिचे उपकारच मानते.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. "पुढच्या वर्षी तू बरी असशील," ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, "तरी मीच आणू का गं?"

मी हो म्हटलं.