दोन्ही पंख सारखे कापले

कोंबड्यांचे पंख कापावेत का, असं आता कुणी विचारलं तर मी गप्प बसते. मला बोलायला किती लागतं ते आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ह्या गोष्टीवर तोंड उघडत नाही.

माझ्या नऊ गावरान कोंबड्या होत्या. वडगाव रासाईला नदीच्या अंगाला आमचं घर, मधे काट्यांचं कुंपण आणि पलीकडं धाकट्या जावेचं. वाटणीत कुंपण आलं, पण आम्हा दोघींचं बोलणं तुटलं नव्हतं. मी परगावी गेले की ती माझ्या कोंबड्या बघायची, ती गेली की मी तिची म्हैस बघायची. सांगावंही लागायचं नाही. कुंपणावरून नुसतं "जाते गं" म्हणायचं, झालं.

यंदा तिनं कुंपणाला लागूनच कांद्याचं रोप टाकलं. बी दौंडहून कुणाकडून तरी मागवलेलं. रोप बोटभर झालं आणि माझ्या कोंबड्या कुंपणावरून उडून त्यात उतरल्या. एका सकाळीत सगळा वाफा उकरून टाकला.

ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. "आक्का, कोंबड्या तुमच्या आन् उकिरडा माझ्या वाफ्याचा व्हय?"

चुकलं बाई, एवढंच म्हणायचं होतं मला. पण मी म्हणाले, "मुकं जनावर हाय. त्याला काय कुंपण कळतंय?"

"जनावराला न्हाई कळत. माणसाला तरी कळावं."

त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. हापशावर भेटली तरी हंड्यात बघायची. चाळीस वर्षं जिच्याशी बोलल्याशिवाय दिवस गेला नाही, ती पाच पावलांवर असून मुकी. घरात मला अन्न गोड लागेना. मग ठरवलं, कोंबड्यांचे पंख कापायचे. पलीकडं जाणं थांबलं की बोलेल ती.

मालकांनी माळ्यावरून मेंढरं कातरायची जुनी कातर काढली. मेंढरं जाऊन किती वर्षं झाली, पण कातर अजून तेल लावून ठेवतात. त्यांनी कोंबडी धरली, मी एका पंखाची लांब पिसं कापली. कोंबडीला दुखत नाही त्यानं, आपण नखं कापतो तसंच. मी सोडायला लागले तर ते म्हणाले, "थांब की. दुसरी बाजू कोण घेणार?"

"एक बास हाय म्हणं."

"आपल्यात अर्धं कातरलेलं मेंढरू कवा सोडलंय का? बघणारा काय म्हणल?"

मलाही पटलं. नऊच्या नऊ, दोन्ही बाजूंनी सारख्या कातरल्या. छान दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दगडांच्या ढिगावर चढून फडफडत पुन्हा पलीकडं.

शिरूरच्या बाजारात कोंबड्या विकणारी एक बाई बसते, तिला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. "मावशे, दोन्ही सारखे कापल्यावर तिचा तोल कुठनं जाणार? एकच कापायचा आसतोय. तिला काय लग्नात मिरवायची हाय का?"

घरी आले आणि नुसत्या उजव्या पंखाची उरलेली पिसं आणखी आतपर्यंत कापली. आता कोंबडी उडायला गेली की एका अंगावर कलंडायची. पलीकडं जाणं बंद झालं. जाऊबाईचं उरलेलं रोप हिरवं व्हायला लागलं. मी रोज कुंपणाशी काहीतरी काम काढून उभी राहायची, की आता बोलेल, मग बोलेल.

पण कोंबड्यांना दिवस मावळताना लिंबाच्या झाडावर बसायची सवय. आता त्यांना खालची फांदीही मिळेना. उड्या मारायच्या आणि पडायच्या. मी एकेक धरून डालग्याखाली झाकायची, वर दगड ठेवायची. रोजचं काम झालं ते.

त्यातच भाचीचं लग्न निघालं कासुर्डीला. मुक्काम करावा लागला. मालक रानातून अंधार पडल्यावर येणार, त्यांना कोंबड्या झाकायचं सांगायचं राहूनच गेलं. त्यांना वाटलं, नेहमीसारख्या चढल्या असतील झाडावर. आणि कुंपणावरून "जाते गं" म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

सकाळी एसटीतून उतरून घरी आले तर अंगणभर पिसं. रानमांजर आलं असेल नाहीतर कुत्री. आठ गेल्या. एक सरपणाच्या मागं घुसून बसली होती, मान टाकून. दुपारपर्यंत तीही गेली.

मी पिसं झाडत होते. जाऊबाई कुंपणाशी आली. दीड महिन्यानं तिचा आवाज ऐकला.

"आक्का, मला दिसल्या व्हत्या त्या. झाडाखाली वरडत व्हत्या."

मी झाडू आपटून त्यात अडकलेली पिसं काढली.

"डालगं बी दिसत व्हतं. म्हटलं झाकाव्यात. मग म्हटलं, आपण कशाला जायचं, तुम्ही सांगून थोडंच गेलाय. आसं करत करत आंधार पडला."

तिच्यावर राग धरावा असंही मला वाटेना. तिच्या जागी मी असते तर मीही तशीच उभी राहिले असते, हे मला माहीत होतं. पण ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "जाऊ दे." आणि झाडायला लागले. ती कुंपणापासून मागं फिरली.

आधी ती रागानं बोलत नव्हती. आता तिला माझ्याकडं बघवतच नाही. मी हापशावर गेले की ती अर्धाच भरलेला हंडा तसाच डोक्यावर घेऊन निघते. परवा मी मागनं "अगं" म्हणून हाक मारली. तिनं पावलं उचलली, आणि हंड्यातलं पाणी तिच्या पाठीवर सांडत गेलं तरी थांबली नाही.